टोला लपवायचा राहिला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या भागातल्या एका मुलीची ठरलेली सोयरीक मोडली, तिची गोष्ट फोडल्याचा आळ एका आशाताईवर आला, आणि ती गोष्ट फोडली होती मी. तोंडातून एक शब्द न काढता फोडली. म्हणूनच बहुतेक सापडलो नाही.

तेव्हा मी नवेगाव बांधाच्या पलीकडे एका ग्रामीण रुग्णालयात डेटा ऑपरेटर होतो. केसपेपर, लसीकरण, बाळंतपणं, सिकलसेलच्या तपासण्या, सगळं कंप्युटरमध्ये भरायचं आणि वर पाठवायचं. घरचे लोक विचारणाऱ्याला सांगायचे, दवाखान्यात टायपिंग करतो. मीही तेच सांगायचो. त्या वर्षी जवळच्या हायस्कूलच्या बाईंनी दहावीचा वर्ग दवाखाना दाखवायला आणायचं ठरवलं. पोरांना डॉक्टर आणि नर्स सोडून तिसरं काम माहीत नाही, तुम्हीपण थोडं बोला, असं त्या म्हणाल्या. मला कोणी बोलायला सांगितल्याची ती पहिलीच वेळ.

दाखवायला माझ्याकडे सरावाची यादी होती. 'रुग्ण एक', 'रुग्ण दोन', गाव 'अ', गाव 'ब'. आदल्या दिवशी ती उघडून पाहिली तर मलाच जांभई आली. लॅबवाला पोरांना सूक्ष्मदर्शकातून रक्त दाखवणार होता. सिस्टर त्यांच्याच हातून बीपी मोजवून घेणार होत्या. आणि मी काय दाखवणार, गाव 'अ'? म्हणून मी सिकलसेलची खरी यादी घेतली. नावांचा रकाना पुसून टाकला. गाव, टोला, वय, बाई की पुरुष आणि तपासणीचा निकाल एवढं ठेवलं. नाव नाही म्हणजे झालं, असं वाटलं.

मी इथंच जन्मलो, इथंच वाढलो. टोला म्हणजे गावापासून सुटून जंगलाच्या अंगाला वसलेली बोटांवर मोजावी एवढी घरं. तिथं अमुक वयाची, लग्नाची पोरगी म्हटलं की एकच निघते. हे बाहेरच्या माणसाला कळलं नसतं तर चाललं असतं. मला कळायला हवं होतं.

पडद्यासाठी वॉर्डातली धुतलेली चादर भिंतीवर ताणून लावली होती. पोरं पोहे खाऊन सुस्तावली होती. मी कंप्युटर लावला तेव्हा मागून एकानं विचारलं, यात गेम हाय का जी सर, आणि सगळे हसले. मग मी सिकलसेल समजावून सांगितलं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वाहक असलेल्या माणसाला स्वतःला सहसा काही होत नाही, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर लेकराला आजार होऊ शकतो. तेव्हा लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं. यात चुकीचं काही नव्हतं. मी चांगलं बोललो. बाई मान हलवत होत्या.

पुढच्या रांगेत एक मुलगी होती. ती प्रश्न विचारायची. हे काम करायला डॉक्टर व्हावं लागतं का? गणित किती लागतं? गोंदियाला शिकता येतं का? मला बरं वाटलं. मी तिला उठवून माझ्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, कोणतंही एक गाव निवड, यादी आपोआप गाळून येते बघ. तिनं थोडा विचार केला आणि एक टोला निवडला. तो तिचा नव्हता. तिच्या मोठ्या भावाची सोयरीक जिथं ठरली होती तो होता. अंगठ्या घालून साक्षगंध होऊन गेलं होतं. अर्थात हे मला नंतर कळलं. पंधरा-सोळा वर्षांची पोरगी दुसरं काय निवडणार? होणाऱ्या वहिनीचा टोला.

पडद्यावर चार-दोन ओळी उरल्या. त्यातली एक तिच्या वहिनीच्या वयाची बाई. वाहक.

माउसवरचं तिचं बोट थांबलं. तिनं ती ओळ वाचली, मग सगळी यादी होती तशी परत आणली आणि खुर्चीतून उठली. बाकी वर्गाला काही कळलं नाही. त्यांना तो टोला म्हणजे नुसतं नाव होतं. मला मात्र कळलं. काय ते कळलं नाही, पण या मुलीनं कोणालातरी ओळखलं एवढं कळलं. मी पुढचा तक्ता लावला आणि रंगीत आलेख दाखवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तिचा भाऊ वाहक होता. त्याचं सिकलसेलचं कार्ड घरात होतं. मी शिकवलेलं तिनं घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. घरच्यांनी कुठून कळलं हे न सांगता, दोघंही वाहक आहेत असा निरोप पाठवला आणि सोयरीक मोडली.

जिची सोयरीक मोडली त्या मुलीच्या टोल्यावर एकच हिशोब झाला. ही गोष्ट पोरीला, तिच्या आईला आणि आशाताईला, तिघींनाच ठाऊक होती. आई सांगणार नाही, पोरगी सांगणार नाही. उरली आशाताई.

ही आशाताई जरा फटकळ बाई. मला कंप्युटरवाले भाऊ म्हणायची. उन्हाळ्यात येताना पिशवीतून टेंभरं, तेंदूची पिकली फळं, आणायची आणि टेबलावर ओतून म्हणायची, खा, तुमच्या मशीनले नाई देता येत. त्या दिवशी ती रिकाम्या हातानं आली आणि दारातच उभी राहिली. टोल्यावरच्या बाया तिला घरात घेत नव्हत्या. एका गरोदर बाईनं तिच्या तोंडावर कवाड लावलं होतं. तपासणीला कोणी रक्त द्यायला तयार नव्हतं. तिचं म्हणणं, ती पोरगी स्वतःच सांगणार होती. दोन-तीनदा तिच्यासोबत बसून आशाताईनं तिला तयार केलं होतं. मुलाला एकट्याला भेटायचं, आपल्या तोंडानं सांगायचं, मग दोघांनी डॉक्टरांकडे यायचं. लग्न करायचं की नाही ते दोघं ठरवतील. पोरगी तयार झाली होती. बाजाराचा दिवस ठरला होता.

हे सगळं सांगून तिनं विचारलं, "भाऊ, खरं सांगा. तुमच्या कंप्युटरातून गेलं का जी?"

मी म्हटलं, "नाही, ताई. यातून काही बाहेर जात नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला खरं वाटलं. वाटणारच, कंप्युटरबद्दल ती माझ्याशिवाय कोणाला विचारणार होती? ती म्हणाली, "मंग माह्याच तोंडातून निंगालं असन झोपंत. नवरा म्हणते, तू झोपंत लय बोलते." आणि हसली. मीही हसलो. ती गेल्यावर मी राहिलेल्या लसीकरणाच्या नोंदी भरल्या. चूक न करता भरल्या. मला काही वाटलंच नाही, आणि पुढेही फारसं वाटलं नाही. लोक म्हणतात मन खातं. माझं खाल्लं नाही. ते एका जागी बधिर झालं, बसून बसून पाय होतो तसं, आणि मी त्या जागेला हात लावला नाही.

दहावीचा निकाल लागल्यावर ती विद्यार्थिनी दवाखान्यात आली. स्वतःचं रक्त तपासायला आली होती. लॅबमधून निघून माझ्या टेबलाशी उभी राहिली. आशाताईचं तिच्याही कानावर आलं होतं.

"सर, मीनं घरी सांगतलं. चुकलं का?"

मी म्हटलं, "नाही. बरोबरच केलंस. पण त्या यादीचं कोणापाशी काढू नको."

"काऊन? बरोबर होतं तर?"

मी म्हटलं, ऑफिसचा नियम आहे. तिनं मान हलवली. मी विषय बदलून विचारलं की आता पुढं काय, सायन्स ना? ती म्हणाली, नाही, आर्ट्स घेऊन राहिली. मग म्हणाली, तुमच्या त्या कामात माणसं दिसतात, सर. तिनं माझा शब्द पाळला, कोणाला सांगितलं नाही. माझं ओझं मी एका पोरीच्या डोक्यावर दिलं आणि ती ते घेऊन गेली.

आता मी गोंदियाला जिल्ह्याच्या ऑफिसात आहे, राहायला कुडव्याला. आणि माझ्याकडे नेमकं हेच काम आहे. शाळाशाळांतून जायचं, नववी-दहावीच्या पोरांना सांगायचं की दवाखान्यात डॉक्टर-नर्सशिवाय किती कामं असतात. लॅब, फार्मसी, एक्स-रे, आरोग्याची माहिती ठेवणं. शहरातल्या शाळेत निम्मं हिंदीत बोलतो. लोक म्हणतात, भाईसाब, आप बहुत अच्छा समझाते हो. यादी सरावाचीच नेतो. गाव 'अ', गाव 'ब'. आणि सगळ्यात आधी सांगतो की नाव पुसलं म्हणजे माणूस लपला असं नाही. टोला पुसा, वय पुसा. एका ठिकाणी एका ऑपरेटरकडून असं झालं होतं, असं उदाहरण देतो. 'एका ऑपरेटरकडून'. मागच्या महिन्यात सौंदडकडच्या एका शाळेत एका मुलीनं विचारलं, मग त्या ऑपरेटरचं काय झालं? मी म्हटलं, काही नाही, बढती झाली. पोरं हसली. त्यांना तो विनोद वाटला.

ज्या मुलीची सोयरीक मोडली तिचं पुढं काय झालं ते मला माहीत आहे. ते मी इथं सांगणार नाही. तिची गोष्ट तिनं सांगायची होती, आणि ती एकदा मी तिच्याकडून घेतली आहे.

आशाताईकडून तो टोला काढून दुसरीला दिला. तिची बाकी गावं तिच्याकडे आहेत. त्या टोल्यावरून जाताना ती सायकलवरून उतरत नाही, असं ऐकलं. बैठकीला गोंदियाला आली की माझ्या टेबलाशी येते. या उन्हाळ्यातही आली होती. पिशवी ओतली, टेंभरं मोजून पाहू नका म्हणाली, आणि बसली. थोड्या वेळानं, दुसऱ्याच बोलण्यात, म्हणाली, त्या टोल्यावर एका बाळाचे हातपाय सुजून येतात म्हणे, सिकलसेलचंच असन. तपासाले कोनी नेत नाई. मी गेली तर कवाड लावतात. नवीन पोरगी त्यायले भेते. मग ती उठली आणि बसस्टँडकडे गेली.

मी टेंभरं घरी नेली. बायकोनं विचारलं, कोणी दिली? मी म्हटलं, एका आशाताईनं. तेव्हा सांगता आलं असतं.

मी आशाताईला एक गोष्ट देणं लागतो. त्या टोल्यावर तिच्यासोबत जाऊन, त्या बायांसमोर माझ्या तोंडानं सांगायचं आहे की तिनं काही सांगितलं नव्हतं, माझ्याकडून गेलं. ते अजून मी केलेलं नाही.