साडूचा रोडावलेला सिग्नल

देवाने वैरी द्यावा, पण साडू देऊ नये. आणि दिलाच तर तो रेडिओवाला तरी देऊ नये. इथे आखातात, अल् खुवैरमध्ये आमच्याच इमारतीत, अगदी आमच्या डोक्यावर राहणारा माझा साडू असला रेडिओवेडा, की जेवताना चमच्याचीसुद्धा एरियल करील. त्याचा रेडिओ म्हणजे काडेपेटीएवढी डबी. ती हवेतल्या लहरींचे आकडे करते; बाकी सगळा कारभार लॅपटॉपमध्ये, त्या आकड्यांत. मवालेहच्या मंडईत कांदे आणायला गेलो, तर हा गाडीतच डबी लावून बसतो आणि पिशव्या मी वाहतो. घरी आल्यावर बायको मला म्हणते, "कांदे ओलेच आणलेत ना?" आणि त्याला विचारते, "भावोजी, आज काय लागलं हो रेडिओवर?" जळू नको तर काय करू!

त्याहून जिव्हारी लागायची ती माझी मनू. शाळेतल्या इंग्रजीपायी माझ्याशी तिचं मराठी 'हो बाबा, नको बाबा'च्या पुढे सरकत नाही. काकाच्या मांडीला मांडी लावून बसली, की मात्र मराठीत नुसती बडबड. तो तिचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि टेबलावरून न उठता आकड्यांनीच पार खाबुरा गावाइतका लांब न्यायचा, म्हणजे तिथून आल्यासारखा ऐकवायचा. लांब गेला की सिग्नल रोडावतो, म्हणे. "काका, अजून रोडव!" ही ओरडायची.

एकदा मला राहवलं नाही. "त्यात काय मोठंसं? आवाज बारीक करायचा, खलास!" म्हणत मी कळ दाबली. साडू हसला. "साडूभाऊ, आकडे नुसते लहान केले, तर आवाजाबरोबर आतली खरखरही लहान होते. माणूस शेजारी बसून कुजबुजतोय असं वाटतं. लांब न्यायचा, तर खरखर वरून घालावी लागते." मायलेकी माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू ती खरखर मीच.

गेल्या महिन्यात त्याचं काँट्रॅक्ट संपलं आणि तो चिपळूणला परतला. मी मनातल्या मनात पेढे वाटले. परवा शुक्रवारी त्याचा फोन आला. आवाज स्वच्छ, वरच्या मजल्यावरून बोलावा तसा. फोन ठेवल्यावर मनू माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, काका एवढा लांब गेला, मग त्याचा आवाज रोडावला का नाही? तू घाल ना खरखर."

लेक माझ्याशी पहिल्यांदा सबंध मराठीत बोलली, आणि तेही मेलं त्याच्याबद्दलच! जळलो, पार करपलो. काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर खरखर माझ्याच घशात.