उजवा कौल

नोकरी गेलेल्या माणसाला फुकट मिळणारी एकच गोष्ट म्हणजे धीर. मला तो हिंजवडीपासून परभणीपर्यंत सगळ्यांनी दिला. "देवाची वेळ आली की होईल," असं जो तो सांगे, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला नोकरी असे. पुढे मीही ते वाक्य उचललं. मुलाखतीचं काय झालं असं कुणी विचारलं, की मी देवावर ढकलून मोकळा व्हायचो. "आम्ही कळवतो" म्हणालेल्या कंपनीने दीड महिन्यात काही कळवलेलं नाही, असं सांगण्यापेक्षा ते बरं दिसे.

त्यातच बायकोला तिच्या माहेरच्या गावी, परभणीकडे, शाळेत कायमची जागा मिळाली. लग्नाआधीपासून तिला शिक्षिका व्हायचं होतं. माझ्या नोकरीपायी ती बारा वर्षं हिंजवडीशेजारच्या माण गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली होती. आता आठ दिवसांत तिकडे हजर व्हायचं होतं. मला जायचं नव्हतं. सासुरवाडीत बसून, "जावईबापू सध्या काय करतात?" याचं उत्तर रोज द्यायची मला लाज वाटत होती. तसं सरळ न सांगता मी म्हणालो, घाई नको, देवाची वेळ येऊ दे.

आमच्या घरमालकीण मावशींनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. त्यांची शेतं कंपन्यांच्या इमारतींखाली गेली, खोल्या भाड्याने लागल्या, पण म्हैस घ्यायची तरी त्या अजून देवाला कौल लावतात. त्या म्हणाल्या, "भांडताय कशापायी? देवालाच इचारू. त्यो सांगंल तसं करा."

बायको लगेच तयार झाली. मी नाही कसं म्हणणार? दोन महिने देवाशिवाय दुसरं नाव माझ्या तोंडात नव्हतं.

गावच्या देवळाला आता ग्रॅनाइटची फरशी आहे आणि गाभाऱ्यात भिंतीवरचा बिनआवाजी पंखा. देव मात्र जुनाच, शेंदराचा. गुरवाने पंखा बंद केला, देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली आणि आमच्या वतीने विचारलं, "ह्यांनी हितंच थांबावं का? व्हय आसंल तर उजवी दे, न्हाई आसंल तर डावी." मग तो फोन आला म्हणून बाहेर गेला. मावशींनी डोळे मिटले, बायकोनेही मिटले.

पाकळ्या हलेनात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. जगाला देवाच्या वेळेवर विश्वास ठेवायला सांगणारा मी एकविसाव्या मिनिटाला घामाघूम झालो होतो. पंखा देवाच्या उजव्या हाताला होता, बटण माझ्या. मी ते क्षणभर दाबलं. उजवी पाकळी पडली. मी बटण बंद केलं.

मावशींनी डोळे उघडून हात जोडले. बायकोने एकदा पाकळीकडे पाहिलं, देवाला वाकून नमस्कार केला आणि घरी येताना वाटेतच शाळेला फोन करून येणार नाही असं कळवलं. मी तिच्या शेजारून चालत होतो. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

कंपनीने कळवलं नाही ते नाहीच. जवळच्या मारुंजीतल्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवायला लागलो, म्हणजे घरात शेवटी मास्तर झालो तो मी. बायको मात्र निवांत होती. देवाने थांबा म्हटलंय म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणारच, असं ती आता मला समजावायची. मला चांगली नोकरी लागावी म्हणून तिने अकरा सोमवार धरले. दर सोमवारी मी क्लासहून मुद्दाम उशिरा घरी यायचो.

नवव्या सोमवारी ती साबुदाणा भिजवत होती, आणि मी पंख्याचं सांगून टाकलं. उन्हाळा होता, उकडत होतं, असली एक-दोन वाक्यंही आधी जोडून पाहिली. ती मलाच पटली नाहीत.

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "देव बोलला म्हणून मी गप्प बसले. तुम्ही बोलला असतात तर मी भांडले असते."

मग ती भांडली. परभणीच्या शाळेपासून सुरुवात करून बारा वर्षं मागे गेली, आणि मावशींनी त्यांचा टीव्ही बंद केल्याचं मला ऐकू आलं. तिची प्रत्येक गोष्ट खरी होती. मी एकदाही देवाचं नाव घेतलं नाही.