हातमोज्यांची चार नावं

धाकटी जाऊ एमआयडीसीतल्या जपानी कंपनीत लागली आणि निमोण्यातल्या आमच्या घरात माझी किंमत उतरली. थोरली मी, पण संध्याकाळी कंपनीची बस फाट्यावर आली की माझीच लेक काकीला आणायला पळायची. मी दिवसभर रानात राबून आलेली, मला पाणी विचारायलाही कुणी नसायचं. जळायचे मी, अगदी पोटातून.

कंपनीतला जपानी साहेब हातमोज्यांच्या बाबतीत फार कडक. कुठल्या कामाला कुठला मोजा, ते त्यांच्या भाषेत पाठ करून घ्यायचा. घरी आली की धाकटी तेच लेकीला शिकवायची.

"हातमोजा म्हंजी तेबुकुरो. सुती आसला तर गुन्ते. चामड्याचा कावाते. आन् ड्रिलवर गुन्ते घालायचं न्हाई, बोट वढून घेतं."

आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाईसुद्धा जपमाळ थांबवून ऐकत. माझं बोलणं त्यांनी असं कधी ऐकलं नाही.

भेंडी तोडताना हाताला खाज सुटते, म्हणून मी लेकीच्या शाळेचे जुने पायमोजे हातात चढवायचे. एकदा लेकीनं ते उचलून विचारलं, "काकी, ह्याला काय म्हणत्यात?"

"बोटं न्हाईत ना त्याला? मग मितोन."

माझ्या रानातल्या फाटक्या मोज्यांचं बारसंही हिनंच केलं! तिनं मला आणून दिलेला गुन्त्यांचा नवाकोरा जोड मी ट्रंकेत टाकला तो टाकलाच.

शाळेच्या स्नेहसंमेलनात लेकीनं स्टेजवर चारही नावं म्हणून दाखवली. शेवटी माझा मोजा हातात घालून "मितोन" म्हणाली. टाळ्या पडल्या. सगळ्या बाया धाकटीकडं बघायला लागल्या. लेक खाली उतरली ती थेट तिच्याकडं.

"काकी, बरोबर म्हणलं ना?"

"आईला इचार की."

"आईला काय कळतंय त्यातलं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या बायांदेखत मी एका दमात म्हटलं, "तेबुकुरो, गुन्ते, कावाते, मितोन."

लेक माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. "आई, तुला कुणी शिकवलं?"

कोण शिकवणार? भेंडीच्या ओळीतून फिरताना, धाकटीच्या नावानं बोटं मोडत मोडत मीच ती घोकली होती.

"ताई, झ्याक म्हणलात," धाकटी हसून म्हणाली. तिची शाबासकी कुणाला हवी होती!

घरी जाताना लेकीनं माझा हात धरला. मी मुद्दाम धाकटीच्या पुढून चालले, तिला नीट दिसावं म्हणून.