मागच्याला जास्तीचा फासा

धाकटीने नकाशे काढायच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडली, ती जुने पटावरचे खेळ नव्याने छापायला. हिचं कसं व्हायचं, ही काळजी माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

पहिला खेळ तिने आमच्याच घरातला घेतला, चार सोंगट्यांच्या शर्यतीचा. नियमांचा कागद कधीच हरवला होता, म्हणून लहानपणी खेळायची तसे तिने ते लिहून काढले.

रविवारी तिच्या खोलीवर गेले. कॉलेजची चार मुलं पटाभोवती बसली होती. ती मात्र कोपऱ्यात स्टुलावर, वही घेऊन, तोंड बंद. मुलं अडली की हिचं पेन चालायचं.

न राहवून मी म्हटलं, "अगं, सांग की त्यांना!"

"आई, शू! खोक्याबरोबर मी थोडीच जाणार आहे लोकांच्या घरी?"

दोन तास झाले तरी कुणी जिंकेना. पुढचा अडकायचा, मागचा त्याला गाठायचा.

"ताई, हा खेळ आहे की संसार?" एकाने विचारलं. "संपतच नाही!"

मुलं गेल्यावर ती पटावर ओणवी झाली. "सोंगट्या बरोबर, घरं बरोबर. मागच्याला जास्तीचा फासा, हा तर जुना नियमच. हो ना गं?"

मी "हो" म्हणून बसले.

तो नियम माझा. पाच वर्षांची असताना ही हरली की सोंगट्या भिरकावायची, जेवायची नाही. एकदा पोळ्या लाटता लाटता मी सांगून टाकलं, "मागे पडेल त्याला जास्तीचा फासा. नियमच आहे तसा." तिच्या दादाने तोंड उघडलं, तर त्याला डोळे वटारले. मग ही रोज जिंकायला लागली. या खेळात आपला हात कुणी धरत नाही, हे ती आजही ऐटीत सांगते. त्याच भरवशावर तिने हा उद्योग मांडला असेल, तर?

आज रात्री जेवताना तिचा फोन आला. तोडगा सापडला म्हणे: पटाची शेवटची तीन वळणं कापायची. सकाळी आठला छपाई सुरू.

माझ्या एका थापेपायी तो देखणा पट कापला जाणार. खरं सांगितलं तर ती आधी चिडेल, मग विचारेल, "म्हणजे मी खरी कधी जिंकलेच नाही?" त्या प्रश्नाचीच मला धास्ती वाटते. पण वळणं एकदा कापली की कापली. झोपली असेल तर उठवते. लावतेच फोन.