परक्या मुलखातलं गाऱ्हाणं

जाऊ नये, असं मला शेवटच्या दिवसापर्यंत वाटत होतं. बॅगा भरून हॉलमध्ये उभ्या होत्या, गॅस बंद केला होता, तुळशीची कुंडी शेजारच्या वहिनींकडे नेऊन ठेवली होती, आणि मी मात्र मनातल्या मनात वाट बघत होतो, की काहीतरी कारण निघावं आणि हे जाणं रद्द व्हावं. न्यूझीलंडला, मुलीकडे, तीन महिने राहायला जायचं होतं. लोक अशा प्रवासाची स्वप्नं बघतात. आम्हीही बघितली होती. पण ती बघितली तेव्हा विजया, म्हणजे माझी बायको, वेगळी होती.

विजयाने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नद्या, पर्वत, समुद्रप्रवाह तिला तोंडपाठ. फळ्यावर ती न बघता जगाचा नकाशा काढायची आणि वर्गातल्या मुलांना तिला तो काढताना बघायला फार आवडायचं. स्वतः मात्र कधी देशाबाहेर गेली नव्हती. चारकोपच्या आमच्या घराच्या गॅलरीत चहा पीत ती म्हणायची, "निवृत्त झाले ना, की आपण दोघं लांब जाऊ. घाईघाईने आठ दिवस नाही हां, चांगलं राहायला. दक्षिणेकडचं आभाळ मला बघायचंय. तिथले तारे वेगळे असतात." मी म्हणायचो, "जाऊ की." निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांतच तिला दुधाचं पातेलं फ्रिजऐवजी कपाटात ठेवताना मी पाहिलं. मग नावं गेली, मग वार गेले. पुढे तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला हळूच विचारू लागली, "इथून आत जायचं ना?"

गोरेगावच्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही जायचो, ते फार कमी बोलत. मुलीने, मुग्धाने, बोलावल्याचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जायचं असेल तर आत्ता जा. पुढच्या वर्षी त्या मुलीला ओळखतील की नाही, मी सांगू शकत नाही." मुग्धाला बाळ झालं होतं, तिला येता येत नव्हतं. फोनवर ती रोज विचारायची, "आई मला विचारते का हो बाबा?" आणि मी रोज "हो" म्हणायचो.

निघालो ती संध्याकाळ होती. टॅक्सी हायवेला लागली आणि विजया खिडकीबाहेर बघत छान गप्पा मारू लागली. मला बरं वाटलं. दिंडोशीचा फाटा आला तशी ती सावरून बसली, पदर नीट केला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "इथे डावीकडे घ्या हां. ताईकडे उतरायचंय."

तिची मोठी बहीण दिंडोशीला राहायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मी न राहवून बोलून गेलो, "अगं, ताई आता कुठे आहे? गेली ना ती."

विजयाने माझ्याकडे पाहिलं. "कधी?" म्हणाली. "मला कुणी सांगितलं का नाही?" आणि ती रडू लागली. पहिल्यांदा बातमी कळल्यावर माणूस रडतं तशी, तोंडावर हात दाबून. ड्रायव्हरने आवाज न करता रेडिओ बंद केला. विमानतळ येईपर्यंत मी तिचा हात धरून बसलो होतो आणि माझ्या मनात एकच विचार होता, की हिला मी नेतोय कुठे आणि कशासाठी? दक्षिणेकडचं आभाळ बघायची जिची इच्छा होती, ती तर मागेच कुठेतरी राहिली. तिची मला इतकी आठवण येत होती, आणि ती माझ्या शेजारीच बसली होती.

देवाधर्माचं आमच्या घरी सगळं विजयाच बघायची. मी तिच्या समाधानासाठी नमस्कार करायचो, इतकंच. तिचं असं झाल्यावर तेवढंही मनापासून होईना. रोज दिवा लावायचो खरा, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

विमानात ती झोपली. सिंगापूरला विमान बदलायचं होतं आणि मध्ये बराच वेळ होता. सकाळची वेळ, सगळीकडे मऊ गालिचे, जिथे तिथे झाडं आणि फुलं. मी तिला एका खुर्चीवर बसवलं आणि समोरच्याच स्वच्छतागृहात गेलो. "इथेच बस हं, आलोच मी." ती हसून म्हणाली, "या ना."

बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. पर्स खुर्चीवर होती. खुर्चीखाली तिचे बूट होते, एकमेकांना लागून नीट ठेवलेले.

त्यानंतर मी काय काय केलं ते मला सलग आठवत नाही. धावलो. हाका मारल्या. चौकशीच्या काउंटरवरच्या मुलीने फार आपुलकीने ऐकून घेतलं, फोन फिरवले, नाव पुकारलं. पण त्या देशाच्या उच्चारात पुकारलेलं ते नाव मलाच ओळखू आलं नाही, तिला काय येणार? "तुम्ही जिथे त्या बसल्या होत्या तिथे थांबा, आमची माणसं शोधतायत," ती मुलगी म्हणाली. थांबा! विमानतळ म्हणजे एक गाव होतं. त्यात अनवाणी, भाषा न येणारी, स्वतःचं नाव विचारलं तर घाबरणारी माझी बायको. आणि मी थांबायचं!

परत आलो. खुर्चीपुढे थोड्या अंतरावर माशांचं एक तळं केलेलं होतं, मध्ये दाट झाडं. त्याच्या कठड्याला धरून मी उभा राहिलो. हातात तिचे बूट होते. माझ्या हातात आता काही नाही, हे मला तिथे पहिल्यांदा खरोखर कळलं. तोवर नुसतं ऐकलं होतं.

आमच्याकडे, मालवण बाजूला, कुठलंही काम काढलं की देवाला, गावच्या सातेरी देवीला गाऱ्हाणं घालतात. घरातला थोरला माणूस नारळ ठेवून देवापुढे आपलं म्हणणं मांडतो आणि मागे उभी असलेली माणसं त्याच्या प्रत्येक बोलण्याला "व्हय म्हाराजा" अशी साथ देतात. एकट्याचं मागणं मग सगळ्यांचं होतं. माझे वडील गिरणीत होते. गणपतीत गावी गेले की गाऱ्हाणं तेच घालायचे. मी कधी घातलं नव्हतं. तरी त्या तळ्यापाशी माझ्या तोंडून ते बाहेर आलं, आणि मोठ्याने आलं. आजूबाजूला माणसं होती, त्याचं भान नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, आये सातेरी! आज परक्या मुलखात उभो रवान तुका गाऱ्हाणा घालतंय. माझी बायल हरावली आसा. तिका काय्येक कळणा नाय. तिचो हात माझ्याकडसून सुटलो, तू तो धरून ठेव. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे आणि तिका सुखरूप…"

आणि तळ्यापलीकडून, झाडांच्या मागून, खणखणीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

मी धावत वळसा घालून गेलो. झाडांच्या आडोशाला एका बाकावर विजया बसली होती, हात जोडून, अनवाणी. खांद्यावर कुणाची तरी जांभळी शाल. शेजारी साधारण आमच्याच वयाची एक बाई होती. फिजी बेटांवरची निघाली. तिच्या पणज्याला कधीकाळी ऊसमळ्यांवर नेलेलं. तिची हिंदी मला जेमतेम कळली. विजया तिला तळ्याकाठी भेटली होती. हे देवीचं तळं आहे, बूट बाहेर काढून आलेय, असं ती सांगत होती म्हणे, आणि वर्दीतला माणूस जवळ आला की थरथरायची. म्हणून बाईने तिला आडोशाला बसवलं होतं. "हम बोला, बहिन, बैठो, आई तुमार आदमी," ती म्हणाली, म्हणजे येईल तुझा नवरा. मग शाल विजयाच्या खांद्यावर आणखी नीट करत हलक्या आवाजात म्हणाली, "हमार माई भी ऐसन रही."

तेवढ्यात तिच्या विमानाची घोषणा झाली. घोषणा बहुधा शेवटची असावी, कारण बाई उठून पळतच सुटली. मी शाल घेऊन मागे धावलो, तर तिने वळून नुसता हात हलवला. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मी खाली बसून विजयाच्या पायांत बूट घालू लागलो. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "गाऱ्हाणं अर्धंच घातलंत. पुरं करा." मग तिथेच, तिच्या पायाशी बसून, मी ते पूर्ण केलं आणि तिने शेवटपर्यंत साथ दिली. हा योगायोग होता की काय होतं, याचा मी विचार केला नाही आणि अजूनही करत नाही. ती तळ्यापलीकडेच होती. मला तिथेच थांबायला सांगितलं गेलं आणि मी थांबलो, इतकं मला माहीत आहे.

ऑकलंडला मुग्धा बाळाला कडेवर घेऊन उभी होती. विजया तिच्यासमोर गेली आणि बराच वेळ बघत राहिली. मुग्धाने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग विजयाने तिच्या गालावरून हात फिरवला. "किती वाळलीस गं. जेवतेस ना वेळेवर?" नाव नाही घेतलं. गाडीत मुग्धाने मला विचारलं, "बाबा, तिने ओळखलं ना मला?" मी म्हटलं, "तिने तुला जवळ केलं ना? मग झालं." या वेळी मला "हो" असं खोटं सांगावं लागलं नाही.

इथे येऊन आता थोडे दिवस झालेत. एखाद्या संध्याकाळी ती घरी जायचा हट्ट धरते. कुठलं घर, ते तिला सांगता येत नाही, आणि ते मलाही तिच्याइतकंच हवं असतं. ती पूर्वीसारखी व्हावी, असं देवाजवळ मी आधी मागत होतो, ते मिळालं नाही, मिळणारही नाही. पण त्या तळ्याकाठी एक कळलं, की तिला सांभाळणारा मी एकटा नाही. माझ्या हातून हात सुटला तर दुसरा कुठला तरी हात येतो, जांभळी शाल घेऊन येतो. हे कळल्यापासून मला झोप लागते.

काल सकाळी आम्ही दोघं मागच्या अंगणात ऊन खात बसलो होतो. मी संत्रं सोलून तिच्या हातावर फोडी ठेवत होतो. तिने मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमचं लग्न झालंय का हो?"

"झालंय की."

"कशी आहे बायको?"

"फार चांगली आहे."

"मग तिला एकटीला कुठे ठेवून आलात?"

"नाही ठेवली. बरोबर आणलीय."

तिचं समाधान झालं. हातातल्या फोडींपैकी अर्ध्या तिने वेगळ्या काढल्या, माझ्यापुढे धरल्या आणि म्हणाली, "मग या तिला न्या. सांगा, मी दिल्यात."

मी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि प्रसाद घेतात तशा त्या फोडी घेतल्या.