खैराच्या मुसळांची जोडी
काल शेजारी लग्नाची हळद कुटत होते, त्या वासाने मला माकुणसारचं आपलं अंगण आणि तुमच्या आत्याआजीचं लग्न आठवलं. आपल्याकडे लग्नाआधी घाणा भरतात, म्हणजे दोन मुसळं एकत्र बांधून सवाष्णी हळद कुटतात. घरात एकाच खैराची दोन मुसळं होती, तांबूस, लोखंडासारखी जड, इतकी वर्षं भात कांडूनही न चिरलेली. पण वाटणीत एक कुंपणापलीकडे थोरल्या चुलतसासूबाईंकडे गेलं, आणि तेव्हापासून त्या आणि माझ्या सासूबाई, या दोघी जावांचं बोलणं बंद होतं. मागायला जाणार कोण? मामंजींनी बोईसरच्या बाजारातून आंब्याचं मुसळ आणलं. पण बांधल्यावर खैर खाली ओढायचा, हलका आंबा वर उडायचा आणि गाठ सुटायची. लेकीचा पहिलाच विधी असा अडखळलेला पाहून सासूबाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “काय गो, हळद कुटतेस का दार ठोकतेस? आयकवत नाय मला!” आणि थोरल्या सासूबाई खांद्यावर मुसळ घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. “बाय, तू आलीस?” सासूबाई कशाबशा म्हणाल्या. “मी कुठं आले? मुसळ आलं, त्याच्यामागं मला यावं लागलं.” मग घाणा एका ठेक्यात चालला. संध्याकाळी गाठ सोडली, तर कुठलं मुसळ कुणाचं ते दोघींनाही ओळखता येईना. “ऱ्हाऊंदे दोन्ही इथंच. कांडायचं असंल तवा मी येईन,” थोरल्या म्हणाल्या. त्यानंतर त्या रोज दुपारी यायच्या, कांडायचं नसलं तरी, आणि दोघींच्या गप्पांत माझा डोळा लागत नसे. आता घर शांत असतं, तरीही दुपारची झोप काही येत नाही.