टेबलावरची ताटं

ही केस मी इतकी वर्षं टाळत आलो. नोकरीतले किस्से सांगायला बसलो की हिला वळसा घालून पुढे जायचो. आता लिहितो.

ऐंशीच्या दशकात शिकागोजवळच्या एका उपनगरात मी गस्तीवरचा पोलीस होतो. ठाण्यातला एकमेव भारतीय. त्या आठवड्यात हजेरीच्या वेळी आम्हाला एक ट्रेनिंग फिल्म दाखवली होती. त्यात जिप्सी बाई दारात पाणी मागते आणि तिचा नवरा मागून घरात शिरतो. दिवे लागल्यावर सार्जंट मला म्हणाला, "काय रे, हे जिप्सी मूळचे तुमच्या इंडियातलेच ना? तुझेच मावसभाऊ!" सगळे हसले. मीही हसलो.

दोनच दिवसांनी एका विधवा बाईंचा फोन आला. छप्पर दुरुस्त करणारा जिप्सी येऊन गेला, बरोबरच्या बायकोने पाणी मागितलं, आणि आता कपड्यावर लावायची दागिन्याची पिन, म्हणजे ब्रोच, सापडत नाही. आम्हाला फिल्मच समोर घडल्यासारखी वाटली.

ते रोमा कुटुंब (जिप्सी हे लोकांनी त्यांना दिलेलं नाव) गावाबाहेर एका जुन्या ट्रेलरमध्ये राहत होतं. नवरा-बायको, तीन मुलं, म्हातारी आई. वॉरंट नव्हतं. "आत येऊ का?" हे मी पायरी चढल्यावर विचारलं. टेबलावर जेवणाची ताटं मांडलेली. बायकांच्या घागऱ्यांचं गाठोडं मी टेबलावर उपडं करायला उचललं, तशी म्हातारी ओरडली, "तिथे नको! जमिनीवर टाका, हवं तर बाहेर चिखलात टाका. ताटांवर नको!"

"म्हणजे ताटांतच काहीतरी आहे," दारातून सार्जंट म्हणाला.

मी घागरे ताटांवर ओतले. सगळी भांडी चाचपली. काही निघालं नाही. म्हातारी खाली बसली आणि डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकून घेतलं.

तिच्या मुलाला, त्या छप्पर दुरुस्त करणाऱ्याला, ठाण्यावर आणलं. चार तास चौकशी केली. ब्रोचबद्दल त्याचं एकच उत्तर होतं, "पाहिला नाही." शेवटी त्यानेच विचारलं, "माझी पोरं आज कशात जेवणार? बाईचा घागरा लागला की ते भांडं आम्हाला चालत नाही. सगळी टाकावी लागतील. दुसरी नाहीत आमच्याकडे."

दुपारी त्या बाईंचा पुन्हा फोन आला. ब्रोच त्यांच्याच चर्चला घालायच्या कोटाला लावलेला होता. "सॉरी हं, तुम्हाला उगाच त्रास," त्या मला म्हणाल्या. त्याला सोडलं. अहवालात मी लिहिलं: झडतीत सहकार्य मिळालं, नुकसान नाही.

ते खोटं होतं. आणि ती पद्धत मला ठाऊक नव्हती, हेही खरं नाही. माझी आई सोवळ्यात स्वयंपाक करायची. विटाळ म्हणजे काय ते मी घरातच पाहिलं होतं. त्या म्हातारीच्या आवाजातून मला तत्क्षणी कळलं होतं. पण दारात सार्जंट उभा होता, आणि मी त्यांच्यातला नाही हे मला त्याला दाखवायचं होतं. पुढच्या नोकरीत मी हे अनेकांत पाहिलं: ज्याला आपल्यावरच शंका घेतली जाईल अशी भीती असते, त्याचा हात सगळ्यांत जड पडतो.

दुसऱ्या दिवशी नवी भांडी घेऊन गेलो. ट्रेलर रिकामा होता. "पोलीस आले म्हटल्यावर मी कशाला ठेवू?" जागेचा मालक म्हणाला. त्यांच्या गाडीचा नंबर माझ्या फाइलमध्ये होता. शोधता आलं असतं. मी शोधलं नाही.

त्या म्हातारीला एवढंच सांगायचं होतं: आजी, तुम्ही काय म्हणत होतात ते मला कळलं होतं. मला माफ करा.